बकुळा आणि पियानोच्या बाई

ढगांच्या मांडीवर बसल्यासारखं एक गाव होतं, सोनटेक नावाचं. तिथे लाल कौलांचे बंगले होते, सिल्व्हर ओकची चंदेरी झाडं होती आणि डोंगराच्या उतारावर लालचुटुक स्ट्रॉबेरीच्या बागा होत्या. अशाच एका बागेच्या कडेला, पत्र्याच्या एका खोलीत आठ वर्षांची बकुळा आपल्या आईबाबांबरोबर राहायची.

आईबाबा शेलारकाकांच्या बागेत कामाला होते. शाळेच्या आधी बकुळाही त्यांच्याबरोबर फळं खुडायला जायची. थंडीच्या सकाळी दवानं भिजलेली पानं बाजूला सारताना तिची इवलीशी बोटं गारठून जायची आणि नखांच्या कडेला भेगा पडायच्या. अंगात आईच्या जुन्या शालीचा शिवलेला झंपर, पोटात चहात बुडवलेली भाकरी. तरी बकुळा कुरकुर करायची नाही. खुडता खुडता ती गुणगुणत राहायची.

रविवारी आई गावच्या सभागृहात झाडलोट करायला जायची, तेव्हा बकुळा सोबत असायची. तिथे कोपऱ्यात एक काळाभोर पियानो होता. तो मऊ फडक्यानं पुसायचं काम बकुळाचं. एकदा पुसताना फडकं सरकलं आणि एक पांढरी पट्टी खाली दबली. टिंग. शांत तळ्यात चांदणी पडावी तसा तो सूर सभागृहात पसरला आणि हळूहळू विरला. बकुळा फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

घरी जाताना ती म्हणाली, "आई, मला पियानो शिकायचाय."

"शीक की," आई म्हणाली. "पण शिकवणार कोण, ते मला माहीत नाही गं. आपल्या ओळखीत कुणी वाजवतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळा बागेत गेली, तर वाफ्याच्या टोकाला काहीतरी लुकलुकत होतं. पाखरांनी फळं खाऊ नयेत म्हणून वाफ्यांवर हिरवी जाळी लावलेली होती. त्या जाळीत एक चिमुकली परी अडकली होती. बोटाएवढी उंच. अंगात जांभळ्या फुलाच्या पाकळीचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीवर साबणाच्या फुग्यासारखे सप्तरंगी पंख. पंखांभोवती जाळीचा दोरा करकचून गुंडाळला गेला होता.

"हलू नकोस, परीताई," बकुळा हळूच म्हणाली. "पंख फाटतील."

तिनं दोरा सोडवून पाहिला. गाठ सुटेना. जाळी नवीकोरी होती, आणि शेलारकाका तिला फार जपायचे. बकुळानं क्षणभर विचार केला, मग फळं खुडायची कात्री काढली आणि जाळी कापली. परी भुर्रकन उडून ओकच्या झाडात दिसेनाशी झाली. बकुळा मात्र सरळ शेलारकाकांकडे गेली.

"काका, जाळीत एक जीव अडकला होता. मी जाळी कापली."

शेलारकाकांनी ते भोक पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मग आता तूच शिवून दे."

शाळेतून आल्यावर बकुळा सुई आणि सुतळी घेऊन बसली. बारीक बारीक टाके घालत राहिली. उन्हं कलायला लागली तेव्हा शेवटचा टाका पडला, आणि त्या टाक्यावर ती परी येऊन टेकली.

"मी गुणगुण," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणातल्या घुंगरांसारखा होता. "सुरांची काळजी घेते. माझ्यासाठी तू बोलणी खाल्लीस, आणि लपवलंसुद्धा नाहीस. म्हणून तुला दोन इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं. जे शिकून येतं ते मी आयतं देत नाही. कुणाचं मन मी वळवत नाही. आणि मागितलेली इच्छा परत घेता येत नाही."

बकुळाचे डोळे मोठे झाले. "मला पियानो वाजवता येऊ दे, असं मागितलं तर?"

"ते शिकून येतं, बाळ."

"मग मला शिकवणारं कुणीतरी सापडू दे."

गुणगुणनं पंख फडफडवले. सोनेरी ठिपक्यांची एक नाजूक माळ बागेतून निघाली आणि फाटकापाशी तिला दोन फाटे फुटले. एक वर बाजारपेठेकडे गेला, दुसरा खाली दरीच्या वाटेला.

"दोन दारं आहेत," परी म्हणाली. "दार मी दाखवलं. आपलं कुठलं ते पारखायचं तू."

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग तिलाही ते सोनेरी ठिपके दिसले, आणि ती हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं बकुळाची वेणी घालून दिली, स्वतः धुतलेलं लुगडं नेसली, आणि दोघी निघाल्या.

पहिलं दार विक्रांत सरांचं होतं. मोठ्या काचांचं घर, आत दुधासारखा पांढराशुभ्र पियानो. सरांनी बकुळाला लगेच बसवलं.

"महिन्याभरात एक गाणं बसवून देतो," ते म्हणाले. "मी सांगेन तिथे बोट ठेवायचं. इथे. आता इथे. आता इथे."

बकुळानं तसं केलं. मग तिनं विचारलं, "सर, इकडचा आवाज जाड आणि तिकडचा बारीक, असं का?"

"ते पुढे कळेल," सर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जरा वेळानं पुन्हा पाहिलं.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "कसं वाटलं?"

"पियानो खूप सुंदर आहे," बकुळा म्हणाली. "पण सर माझ्यापेक्षा घड्याळाशीच जास्त बोलले."

"मग दुसरं दार बघू," आई म्हणाली.

दरीच्या वाटेला एक दगडी बंगली होती. गुलाबाची झुडपं वाटेल तशी वाढून खिडक्यांपर्यंत पोचली होती. दार उघडलं ते खोर्शेदबाईंनी. कापसासारखे पांढरे केस, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा, अंगावर फिकट गुलाबी साडी. पण त्यांची बोटं सुजलेली आणि वाकडी झाली होती. कडी काढतानासुद्धा त्यांचा चेहरा कळवळला. आईनं बकुळाला पियानो शिकवाल का, असं विचारलं.

"मी आता शिकवत नाही, दीकरी," त्या म्हणाल्या. पारशी घरात मुलीला असंच लाडानं म्हणतात. "पण इतक्या लांब आलात, तर सरबत घेऊन जा."

आत एक जुना तपकिरी पियानो होता. बकुळा त्याच्यापाशी गेली आणि तोच प्रश्न तिच्या तोंडून निसटला. "बाई, इकडचा आवाज जाड आणि तिकडचा बारीक, असं का?"

खोर्शेदबाई थांबल्या. मग त्यांनी कोपरानं रेटून पियानोचं वरचं झाकण उघडलं. "स्टुलावर चढ. बघ आत."

बकुळानं पाहिलं. आत तारांचं एक चमचमतं रानच होतं. एका बाजूला जाडजूड, लांबलचक तारा, दुसऱ्या बाजूला केसासारख्या बारीक, आखूड. प्रत्येकीसमोर मऊ लोकरीची टोपी घातलेली पिटुकली हातोडी.

"पट्टी दाबली की हातोडी तारेला टिचकी मारते," बाई म्हणाल्या. "लांब तार जाड आवाजात बोलते, आखूड तार बारीक आवाजात."

त्यांनी अंगठ्यानं एक पट्टी दाबून दाखवली. हातोडी टुणकन उडाली, सूर उमटला, आणि बाईंनी हात पोटाशी धरला.

"बघितलंस ना? शिकवायचं तर वाजवून दाखवावं लागतं. माझी बोटं आता ऐकत नाहीत."

बकुळा बाहेर बागेत आली. एका केशरी गुलाबावर गुणगुण झोके घेत होती.

"एक इच्छा उरली आहे," परी म्हणाली. "काल जाळी शिवताना तू मनात एक गोष्ट योजली होतीस. घरी स्वतःचा पियानो. सांग, आणतेच."

बकुळानं डोळे मिटले. पत्र्याच्या खोलीत झगमगणारा पियानो तिला दिसला. त्याच्यावर आपली बोटंही दिसली. मग तिला पोटाशी धरलेला तो सुजलेला हात दिसला.

"परीताई, बाईंची बोटं दुखायची थांबू देत."

"त्या तरीही तुला नाही म्हणू शकतात. मन मी वळवत नाही, लक्षात आहे ना?"

"आहे," बकुळा म्हणाली. तिनं बंगलीच्या खिडकीकडे पाहिलं. "नाही म्हणाल्या तरी त्यांना स्वतःला वाजवता येईल."

गुणगुण उडाली. गुलाबांच्या पाकळ्यांवरून तिनं गुलाबी, केशरी, पिवळा उजेड गोळा केला आणि खिडकीतून आत नेऊन खोर्शेदबाईंच्या हातांवर शिंपडला. बाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. एक बोट हलवून पाहिलं. मग दुसरं. मग सगळी. त्या सावकाश पियानोपाशी जाऊन बसल्या, आणि ती दगडी बंगली सुरांनी काठोकाठ भरून गेली. झऱ्यासारखे सूर, पाखरांसारखे सूर, दुपारच्या उन्हासारखे उबदार सूर. बकुळाची आई दारात उभी राहून पदरानं डोळे टिपत होती.

खूप वेळानं बाई थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला.

"शिकायला कोण आलं होतं?" त्या म्हणाल्या. "ये, बस इथे."

बकुळाचे बाबा दुसऱ्याच दिवशी खुरपं घेऊन आले. "बाई, पोरीला शिकवताय तर तुमची गुलाबं मी सांभाळतो," ते म्हणाले. बाईंना ते फार आवडलं.

पहिल्या धड्याला बाईंनी गाणं शिकवलंच नाही. बकुळाचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून त्यांनी पायांखाली एक पाट सरकवला. मग म्हणाल्या, "पिल्लू हातात घेतो तसा हात गोल ठेव. घट्ट धरलंस तर ते घुसमटेल, सैल सोडलंस तर पडेल." मग काळ्या पट्ट्या दाखवल्या. कुठे दोघी बहिणी, कुठे तिघे भाऊ. "दोघी बहिणींच्या डावीकडे जी पांढरी पट्टी आहे ना, तिथे आपलं घर. कुठेही हरवलीस तरी इथे परत यायचं."

घरी पियानो नव्हता. बाबांनी फळांच्या खोक्याची एक फळी तासली आणि चुन्यानं आणि कोळशानं तिच्यावर पट्ट्या रंगवल्या. बकुळा रोज संध्याकाळी त्या फळीवर बोटं चालवायची आणि सूर तोंडानं म्हणायची. कधी आईही भाकरी थापता थापता तिच्या सुरात सूर मिसळायची.

उजवा हात लवकर शिकला. डावा ऐकेचना. एके दिवशी बकुळा पियानोवरच डोकं टेकून रडली.

"डावा हात धाकटा आहे," खोर्शेदबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "त्याच्यावर ओरडू नकोस. त्याचं बोट धर आणि सावकाश चल."

बकुळा सावकाश चालली. आठवडे गेले, ओकची पानं गळून नवी चंदेरी पानं आली, आणि एके दिवशी दोन्ही हात एकमेकांना न धडकता धड्याच्या शेवटापर्यंत पोचले. तेव्हा बाई म्हणाल्या, "सोनटेकचा फुलांचा मेळा जवळ आलाय. सभागृहात मुलं वाजवतात. जे मूल अडखळलं तरी न थांबता आपलं वाजवणं पुरं करतं, त्याला वर्षभर रोज सकाळी तिथल्या पियानोवर सराव करू देतात. तू वाजवशील?"

बकुळानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तरी तिनं मान हलवली.

मेळ्याच्या दिवशी सभागृह झेंडूच्या, डेलियाच्या, निळ्याजांभळ्या फुलांच्या माळांनी नटलं होतं. विक्रांत सरांच्या मुलांनी भरभर, झोकात वाजवलं. मग बकुळाचं नाव पुकारलं गेलं. तिनं धुतलेला परकर नेसला होता. ती त्या काळ्याभोर पियानोपाशी बसली आणि आधी आपलं घर शोधलं. मग हात गोल केले.

पहिले सूर हलके, टपोरे उमटले. लोक कुजबुजायचे थांबले. आणि मध्येच, बरोबर कठीण जागी, डावा हात घसरला. एक वाकडा सूर सगळ्यांनी ऐकला. बकुळाचे कान तापले, पण तिनं हात उचलले नाहीत. धाकट्याचं बोट धरावं तसं तिनं डाव्या हाताला सावकाश पुढे नेलं, आणि तो आला. एकेक पाऊल टाकत आला, मग चालला, मग धावला. दोन्ही हात मिळून शेवटच्या सुरापर्यंत पोचले तेव्हा खिडक्यांच्या काचासुद्धा झिणझिणत होत्या.

टाळ्या कडाडल्या. शेलारकाका सगळ्यात आधी उठून उभे राहिले. आई आणि बाबा एकमेकांकडे बघत हसत होते, रडत होते. सभागृहाच्या कारभारी तावडेकाकी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बकुळा, उद्यापासून रोज सकाळी ये. हा पियानो आता तुझ्या ओळखीचा झाला."

तेवढ्यात बकुळाला पियानोच्या काठावर गुणगुण बसलेली दिसली.

"परीताई, तू मदत केलीस का?"

"आज मी फक्त ऐकलं," गुणगुण म्हणाली. "एक सूरही माझा नव्हता. आता मला निघायला हवं. दूरच्या एका गावात कुणीतरी फुटक्या बासरीशी खटपट करतंय."

तिनं आपले चिमुकले ओठ बकुळाच्या बोटांना टेकवले. पंख आधी गुलाबी झाले, मग सोनेरी, मग पांढरेशुभ्र. उजेड वाढत वाढत सगळ्या फुलांच्या माळांवरून फिरला, छताला टेकला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

बकुळानं डोळे चोळले. खोर्शेदबाई तिच्याशेजारी उभ्या होत्या.

"बाई, आता पुढचा धडा कधी?"

"उद्याच," बाई म्हणाल्या. "फक्त आधी पोटभर जेव. पुढचा धडा मोठा आहे."

आणि बकुळा आईबाबांचा हात धरून, जोरजोरात गुणगुणत, डोंगर उतरून घरी गेली.