टिपणीसबाईंची व्याख्यानं आणि धाकलू

कुडेखोल गावात धाकलू नावाचा एक भोळा गडी होता. भातगिरणीवर पोती उचलायचा. अंगात रेड्याचं बळ. डोकं मात्र कोरं करकरीत, कधी वापरलेलंच नव्हतं. खांद्यावर पोतं असताना कुणी “धाकलू, बस रे जरा” म्हटलं, तर तो पोत्यासकट बसायचा. पोतं खाली ठेव, असं कुठे कोण म्हणालं होतं?

त्या गावात टिपणीसबाई राहायला आल्या. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गप्प बसायची सवय नव्हती, म्हणून दर शनिवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात त्या व्याख्यान देऊ लागल्या. आपल्या गावचे साप, आपल्या गावची पाखरं, आपल्या गावचं रान. नंतर चहा मिळायचा, म्हणून गाव यायचं. धाकलू मात्र ऐकायला यायचा. सगळ्यांत पुढे मांडी घालून बसायचा आणि तोंड उघडं टाकून ऐकायचा. बाईंना वाटायचं, असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

पहिलं व्याख्यान सापांवर झालं. गावात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. बाईही तसंच म्हणाल्या.

“जनावर दिसलं, तर मारू नका, ओरडू नका. जागच्या जागी स्तब्ध उभे राहा. त्याला वाट द्या. त्याचं काम झालं, की ते आपण होऊन निघून जातं.”

धाकलूला पटलं. धाकलूला एकदा पटलं की पटलं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची म्हैस कुंपणाची वई मोडून त्याच्या परसात शिरली. परसात धाकलूच्या बायकोने, सुगंधाने, वालाचे वेल चढवले होते. धाकलूने जनावर पाहिलं. स्तब्ध उभा राहिला. म्हैस पुढे आली, तसं बाजूला सरून त्याने वाट दिली. म्हशीने वाल खाल्ले. मिरच्या तुडवल्या. लाल माठ खाल्ला. दोरीवर वाळत घातलेला धाकलूचा सदरा चाखून पाहिला. आणि काम झालं तशी आपण होऊन निघून गेली.

“बाईंचं शास्त्र खरं गं,” धाकलू म्हणाला.

सुगंधाने कपाळावर हात मारला. “अहो, कुणी असं आपलं खायला लागलं, तर डबा बडवायचा! बोंब मारायची! हाकलून लावायचं!”

“असं होय? मग आधी सांगायचंस.”

पुढच्या शनिवारी बाई सगळ्यांना देवराईत घेऊन गेल्या. देवराई म्हणजे गावाच्या डोंगरावर देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, असा वाडवडिलांचा नेम. राईतला वड फळांनी लाल झाला होता आणि त्यावर धनेशाची जोडी उतरली होती. केवढाली पाखरं ती! आणि केवढ्या त्या पिवळ्या चोची! बाईंचा आवाज आनंदाने कापत होता. “बघा,” त्या कुजबुजल्या, “हे बघायला लोक कुठून कुठून येतात.”

धाकलूने पाहिलं. पाखरं फळं खात होती. देवाच्या वडाची फळं! बरं झालं, डबा बरोबरच आणला होता.

“हाऽऽ! हुर्रऽऽ! निघा!” डब डब डब डब!

धनेश डोंगरापल्याड गेले. त्यांच्यामागे कावळे गेले, वानरं गेली आणि गुरवाची शेळीही गेली.

बाई धोंड्यावर बसल्या. म्हणाल्या, “धाकलू, अरे, अशा वेळी झाडाआड लपायचं. हलायचं नाही. बोलायचं नाही. श्वाससुद्धा दाबून धरायचा आणि नुसतं निरीक्षण करायचं. त्यांचं जे चाललंय त्यात आपण हात घालायचा नाही.”

धाकलूला पटलं.

त्याच आठवड्यात धाकलूचे सासरे लेकीला भेटायला आले. शेताच्या बांधावरून येताना पाय घसरला आणि म्हातारबुवा चिखलात कमरेपर्यंत रुतले. धाकलू समोरूनच येत होता. त्याने सासऱ्यांना पाहिलं आणि चटकन फणसाआड लपला.

“जावईबापू! अहो जावईबापू, हात द्या!”

धाकलूने श्वास दाबून धरला आणि निरीक्षण केलं. माथ्यावर केस विरळ. गळ्याला बैलासारखी लोंबती पोळी. आवाज आधी मोठा, मग घोगरा, मग बारीक.

“अरे मेल्या, दिसतोयस मला! फणसामागून पोट बाहेर आलंय तुझं!”

धाकलूने पोट आत घेतलं.

शेवटी गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायकांनी म्हाताऱ्याला उपसून काढलं. संध्याकाळी धाकलू घरी आला तो आनंदातच. “अगं, मामा आज फार जवळून बघायला मिळाले!”

सुगंधाने हातातली पळी उगारली. “चिखलात रुतलेला जीव दिसला, तर ओढून काढायचा, घरी आणायचा! ऊन पाण्याने अंघोळ घालायची, पोटभर जेवू घालायचं, गोधडीत निजवायचं! एवढंही कळत नाही?”

“आता कळलं,” धाकलू म्हणाला.

शनिवारी व्याख्यानाआधी तो तळ्यावर गेला. तिथे परातीएवढं एक कासव चिखलात रुतून बसलं होतं. चांगलं सुखात होतं. धाकलूने ते ओढून काढलं, घरी आणलं, ऊन पाण्याने अंघोळ घातली, अंग खसखसून पुसलं. पुढ्यात भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी ठेवली. कासवाने मान आत घेतली.

“लाजतंय,” धाकलू म्हणाला.

आता निजवायचं राहिलं. पण घरात जास्तीची गोधडी एकच, आणि तिच्यात सासरे दुपारची झोप काढत होते. धाकलूने कासव हळूच पायथ्याशी सरकवलं. आत अंधार होता, ऊब होती. कासवाला बरं वाटलं. त्याने मान बाहेर काढली, तर समोर म्हाताऱ्याचा अंगठा.

चिखलातून निघाल्यापासून सासऱ्यांच्या पायांत जीव नव्हता. आता मात्र ते उठले आणि सुगंधाने हाक मारायच्या आत एका दमात देवळापर्यंत पळाले. गोधडी गळ्यात आणि कासव अंगठ्याला.

टिपणीसबाईंनी बादलीभर पाणी मागवलं. म्हाताऱ्याचा पाय कासवासकट पाण्यात बुडवला, तेव्हा कुठे कासवाने अंगठा सोडला. मग बाई धाकलूकडे वळल्या. आवाज चढलेला गावाने पहिल्यांदाच ऐकला.

“धाकलू, नीट ऐक. बाहेरचा जीव वाट चुकून आला, तर त्याचे लाड करायचे नाहीत. खायला घालायचं नाही, सवय लागते. तो मूळचा कुठला, ते बघायचं. डोळ्यांवर फडकं टाकायचं, म्हणजे बुजत नाही. आणि सरळ मूळ ठिकाणी रवाना करायचा. धडपडला, ओरडला, तरी दयामाया नाही. समजलं?”

“समजलं, बाई.” धाकलूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं नीट त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बाईंचा जीव त्या दिवसांत थाऱ्यावर नव्हता, त्याला कारण होतं. खडी काढणाऱ्या एका ठेकेदाराचा डोळा देवराईच्या डोंगरावर होता. झाडं तोडून त्याला डोंगर फोडायचा होता. बाईंनी खेपा घालून घालून वनखात्याच्या मोठ्या साहेबांना यायला राजी केलं होतं. साहेबांनी राई एकदा डोळ्यांनी पाहिली, तिथल्या तिथे राखीव म्हणून सांगितलं, की ठेकेदाराचं काही चालणार नव्हतं. साहेब पुढच्या शनिवारी येणार होते आणि सोमवारी ठेकेदाराची माणसं.

शनिवारी सगळं गाव सभामंडपात जमलं. हार आला, ढोल आला. सरपंचांनी धाकलूला बाजूला घेतलं. “धाकलू, आज तू काही करायचं नाहीस. राईखालच्या ओढ्यावर जाऊन बस. इकडे फिरकू नकोस.”

धाकलू भाकरी बांधून घेऊन ओढ्यावर जाऊन बसला.

इकडे साहेब हौशी निघाले. जीप हायवेवरच ठेवली आणि राई खालच्या अंगाने बघावी म्हणून एकटेच पायी चढले. वाट चुकले. करवंदीच्या जाळीत अडकले, चिखलात घसरले. शेवटी ओढ्याचा आवाज ऐकून झुडपांतून ओणवेच बाहेर आले आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायले.

धाकलू बघत होता. रंग खाकी. अंगावर ओरखडे.

“दादा,” साहेब धापा टाकत म्हणाले, “खायला काही आहे का हो?”

धाकलूचा हात भाकरीकडे गेला आणि मागे आला. “नको. सवय लागते.”

“काय?”

“तुम्ही इथले दिसत नाही.”

“नाही हो, बाहेरचा. वाट चुकलो.”

“मूळचे कुठले?”

साहेबांनी हसून गावाचं नाव सांगितलं. धाकलूने मान डोलावली आणि खांद्यावरचं फडकं काढलं.

सभामंडपात लोक वाट बघून कंटाळले. हारातली फुलं मलूल झाली. ऊन कलायला लागलं, तेव्हा धाकलू आला. घामाने निथळत होता. तोंडावर समाधान आणि हातात एक बूट.

“धाकलू,” बाईंनी विचारलं, “साहेब दिसले का रे वाटेत?”

“साहेब नाही दिसले. पण बाई, बाहेरचा एक जीव भरकटून राईत आला होता. भुकेला होता. मी खायला घातलं नाही.”

बाई बुटाकडे बघत होत्या. “मग काय केलंस?”

“तुम्ही सांगितलं तेच. डोळ्यांवर फडकं टाकलं, नीट गाठ मारली आणि पोत्यासारखा खांद्यावर घेतला. लई धडपडला. ‘अरे, मी साहेब आहे, साहेब आहे’ म्हणून लई ओरडला. पण मी दयामाया केली नाही.”

सरपंचांनी हार खाली ठेवला. बाईंनी विचारलं, “सोडलास कुठे?”

“मूळ ठिकाणी, बाई. मूळचा अकोल्याचा होता. हायवेवर अकोल्याची एस्टी उभीच होती. मागच्या बाकावर निजवला आणि कंडक्टरला बजावून सांगितलं, वाटेत कितीही ओरडला तरी अकोला येईपर्यंत फडकं काढू नका, बुजतो तो.”