लडकू नाखवाचा उलटा स्पीकर

"मग यातला कुठला सेट बोटीवर ठेवू, मिस्त्री?" हरेश्वरने विचारलं.

यासीन मिस्त्री कामात. एका जुन्या रेडिओच्या पोटात त्याचा हात कोपरापर्यंत गेलेला.

मिस्त्री म्हणजे आमच्या बंदरावरचा रेडिओवाला. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रीने श्वास सोडायचा. गाव त्याला अर्धा फकीर मानतं. उरलेला अर्धा काय आहे ते मला ठाऊक आहे, पण त्याच्या कपातला चहा पिताना ते सांगणं बरं नाही.

"तीन सेट झाले," हरेश्वर म्हणाला. "तिसरा तर खास बोटीसाठीचा, सध्या तोच बोटीवर आहे. पाण्याने बिघडत नाही, उन्हाने फाटत नाही. चार स्पीकर, सीटखाली धुमधुमवाला मोठा डबा, वर निळे दिवे."

"दिवे ऐकू येतात का रे?" मी विचारलं.

"धाकूकाका, तुम्ही चहा प्या."

प्यायलो.

हरेश्वर लडकू नाखवाचा मुलगा. बाप मासे मारायचा, हा पर्यटक फिरवणार. पांढरी फायबरची बोट आणली, मागे चकचकीत इंजिन. सगळं तयार. फक्त पहिला नारळ आईच्या हातचा हवा, आणि आई येईना. लडकू गेल्यापासून चार वर्षं हिराबाय धक्क्यावर आलेली नाही. घर धक्क्याला लागून, पण खाडीकडचं दार बंद.

"काय म्हणते हिराबाय?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणते, तुझ्या बापाच्या होडीसारखं वाजेल तेव्हा येईन. तिन्ही सेट घरी नेले. ओटीवर तिच्यासमोर वाजवले. ती डोळे मिटते, ऐकते, आणि म्हणते… हा नाय."

"कॅसेट तीच?"

"तीच. तुम्हीच आई-बाबांच्या लग्नात भरलेली, धवल्याची, लग्नातल्या गाण्यांची. पेन ड्राइव्हवर घेतली. खरखर पण काढून टाकली."

"माझी खरखर काढलीस?"

"साफ."

मिस्त्रीने रेडिओतून हात बाहेर काढला.

"लडकूचा सेट कसा होता?"

हरेश्वर हसला. "सेट कसला! गाडीतला जुना टेप आणि एक भोंगा. तोही उलटा. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला बांधलेला, तोंड बाहेर. आम्ही होडीत बसणारे, आम्हाला अर्धंच ऐकू यायचं. बाबांना बसवता कुठे येत होतं?"

हे मात्र खरं. 'उलटा नाखवा' हे नाव लडकूला मीच ठेवलं होतं, आणि सगळ्या बंदरात वाटलं होतं.

एकदा तर मी गंमत केली. होडी धक्क्याला होती, लडकू बर्फ आणायला गेलेला. भोंग्याची दोरी सोडली, त्याचं तोंड आत फिरवलं, पुन्हा बांधून टाकलं. म्हटलं, ऐक बाबा आज पोटभर. दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू वल्हं घेऊन माझ्या मागे धक्काभर धावला. "तुझ्यापायी काल चूल थंड होती!" ओरडत होता. मी पुढे, तो मागे, कोळणी टोपल्या सोडून टाळ्या वाजवतायत. भोंग्याचा आणि चुलीचा काय संबंध, हे विचारायला थांबलो असतो तर दात गेले असते. आता तसेही गेलेच.

"हरेश्वर," मिस्त्री म्हणाला, "हिराबाय लडकूच्या होडीत कधी बसली होती?"

"आई? कधीच नाही. तिला बोट लागते."

"हं…"

मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. "चल. बोट दाखव."

धक्क्यावर आलो. ओहोटी नुकतीच फिरली होती, उन्हं कलली होती. मिस्त्री बोटीत उतरला.

"तू वर थांब," तो हरेश्वरला म्हणाला.

"मी? मग चालवणार कोण?"

"मी."

"मिस्त्री, चाळीस घोड्यांचं इंजिन आहे!"

"घोडे शहाणे असतात," मी म्हटलं. हरेश्वरने माझ्याकडे असं पाहिलं, की वल्हं आठवलं.

बोट गेली. खाडीच्या तोंडाशी मोठं खडप आहे, पाण्यातून वर आलेला खडक, त्याच्यामागे दिसेनाशी झाली. मग वळून आली. येताना इंजिन ऐकू येत होतं, आणि मधूनमधून पोट बिघडल्यासारखी गुडगुड. बस.

"वाजवला का नाही?" हरेश्वर ओरडला.

"पूर्ण मोठा केला होता," मिस्त्री म्हणाला. "माझ्या कानात गाणं मावेना."

हरेश्वरची मान खाली गेली. "म्हणजे हाही नाही…"

मिस्त्री खाली वाकला. सीटखालच्या डब्याची वायर उपटली. मग पुढचे दोन स्पीकर घेतले. आपापल्या छोट्या डब्यातले, रेलिंगला बसवलेले. प्रत्येकी चार स्क्रू. सोडले, प्रत्येक डबा फिरवला, तोंड पाण्याकडे केलं, पुन्हा आवळले.

"अहो, उलटं बसवताय!"

"हं."

"लोक हसतील, मिस्त्री!"

"धाकू आहेच."

बोट पुन्हा गेली. खडपामागे दिसेनाशी झाली.

आम्ही उभे. पाणी धक्क्याच्या पायरीला लागत होतं. हरेश्वर काहीतरी पुटपुटत होता, वॉरंटीबद्दल असावं.

आणि मग…

बोट दिसली नव्हती. इंजिनही अजून कानावर आलं नव्हतं. पाण्यावरून आधी आवाज आला, बारीक, वाऱ्याने हलणारा. लडकूच्या लग्नात गाणारी ती म्हातारी धवलारीण. हळद लावताना मीच तिला शिंकायला लावलं होतं, तपकीर उडवून. कॅसेटमध्ये ती शिंक अजून आहे. खरखर गेली, शिंक राहिली.

मी हसायला तोंड उघडलं आणि हरेश्वरकडे पाहिलं.

तो धक्क्याच्या कडेला गेला होता. अगदी टोकाला. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पुढे पसरलेले. दहा वर्षांचा असताना बापाचा दोर झेलायला उभा राहायचा, तसा. बोट अजून खडपाआड होती. हात कधी पुढे गेले, हे त्याला कळलंच नव्हतं.

मागे कडी वाजली.

खाडीकडचं दार उघडलं होतं. उंबऱ्यात हिराबाय. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना तांदूळ चिकटलेले. पदराला पुसायचं विसरली होती.

"धाकू," तिने विचारलं, "खडप ओलांडलं का रे?"

या बाईला मी जन्मभर चिडवलं आहे. त्या वेळी मात्र सरळ उत्तर दिलं.

"ओलांडतायत, वहिनी."

"मग भात टाकते." ती वळली, पुन्हा थांबली. "हऱ्या, नारळ सोलून ठेव. आलेच."

बोट धक्क्याला लागली. मिस्त्रीने दोर फेकला. हात तयारच होते.

हरेश्वरने दोर बांधला. गाठ दोनदा चुकली. डोळे पुसले, खारं पाणी उडालं म्हणाला, मी मानलं.

"पण मिस्त्री," तो म्हणाला, "आता बोटीत बसलेल्याला काय मिळणार?"

मिस्त्रीने उघड्या दाराकडे तोंड केलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"भाताचा वास."