घंटांच्या गावाने मोडलेली रीत

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ते राज्य कुठलं हे विचारू नका, मलाही ठाऊक नाही! त्या राज्यात घंटा ओतणाऱ्यांचं एक गाव होतं. आणि घंटा तरी कशा? इथे वाजवली की तीन कोसांवरची गाय मान वर करायची!

गावची एक रीत होती. वितळलेला धातू नेमका कधी ओतायचा, हे गुपित फक्त घरातल्या म्हाताऱ्याकडे. मुलाचे केस पिकले, की मगच त्याच्या कानात सांगायचं. बाहेरच्याला? नावच काढू नका!

मग महामारी आली. महिन्याभरात निम्मं गाव गेलं. म्हातारे आधी गेले आणि सांगायचं राहूनच गेलं.

उरलेल्यांनी रडून घेतलं, मग आजूबाजूला पाहिलं. माणसं निम्मी, पण भट्ट्या तेवढ्याच, शेतं तेवढीच!

"आता आपण दुप्पट श्रीमंत!" पाटील म्हणाला. राजानेही गाड्या भरून तांबं पाठवलं.

कसलं काय! पहिली घंटा तडकली. दुसरी तडकली. विसावीसुद्धा! सात वर्षं हेच चाललं. व्यापारी फिरकेनात, लोक गाव सोडू लागले.

एके सकाळी शेवटच्या भट्टीवाल्यानेही गाडीत सामान भरलं. तेवढ्यात एक म्हातारी गाडीला आडवी आली. चाळीस वर्षं तिने नवऱ्याच्या भट्टीवर भाता ओढला होता.

"थांबा! धातू कधी ओतायचा ते मला ठाऊक आहे!"

"आणि सात वर्षं गप्प बसलीस, आजी?" पाटील ओरडलाच.

"नवऱ्याला शब्द दिला होता रे, घराबाहेर सांगणार नाही म्हणून. पण मुलं महामारीत गेली, सुना गेल्या, आणि आता गावही उठायला निघालं. घरात उरलंय कोण? आता अख्खं गाव माझं घर. या, सगळे या! पोरींनो, तुम्हीसुद्धा!"

भर चौकात भट्टी पेटली. ज्वाळा पिवळी झाली. पाटील पुढे सरसावला.

"अजून नाही!"

ज्वाळा हिरवी झाली.

"थांब म्हणते ना, मेल्या!"

हिरव्या ज्वाळेच्या टोकाला पांढरा धूर दिसला मात्र, म्हातारी ओरडली, "आत्ता! ओता!"

घंटा निवली. पाटलाने ठोका दिला. अहो, काय सांगू तुम्हाला! खणखणीत वाजली! लोक रडत होते आणि नाचतही होते. भट्टीवाल्याने गाडीतलं सामान उतरवलं.

त्या दिवसापासून तिथे कुणीही शिकू लागलं. पोरींनी तर साच्यांत अशा सुधारणा केल्या, की गाव पूर्वीपेक्षाही भरभराटीला आलं.

वीस वर्षांनी महामारी पुन्हा आली. पुन्हा घराघरात रडारड झाली. पण त्याही वर्षी गावातून घंटा गेल्या, आणि त्यांतली एकही तडकलेली नव्हती.

तात्पर्य: माणूस गेला की त्याची विद्याही जाते, म्हणून ती जिवंतपणीच चारचौघांना वाटून टाकावी.