निळ्याचा निकाल

"आणि निळा थंड, हे तुला सांगितलं कोणी?"

सुधन्वाने चुन्याची बादली दाणकन खाली ठेवली. फिजिक्स शिकून मठात आलेला हा थोरला शिष्य. वादात भल्याभल्यांना भीक न घालणारा!

धाकटी शिष्या गिरिजा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मठातल्या तापकऱ्यांच्या खोलीची ती भिंत तिने एकटीने खपून निळी केली होती.

"डोळ्यांनी सांगितलं, दादा."

"डोळ्यांनी! अगं, आकाशातला सगळ्यात तापलेला तारा निळा असतो. उष्ण म्हणजे काय ते ठरलेलं आहे. चित्रकलेच्या वर्गातल्या थापा इथे नकोत. भिंत पांढरी होणार."

"मग आधी माझ्या अंगावरून कुंचा फिरव."

दोघांचे गुरू दामूबुवा तिथेच तापाने आजारी गोपिकाबाईंच्या उशाशी बसले होते. ते उठले. कोपऱ्यात काढ्यासाठी गॅसची शेगडी होती, ती त्यांनी पेटवली. निळी ज्योत फुरफुरली.

"गिरिजे, हाही निळाच. ठेव हात."

सुधन्वा गालात हसला.

गिरिजाने चमकून बुवांकडे पाहिलं. बुवासुद्धा त्याच्याच बाजूचे? पण माघार? छट्! तिने सरळ हात पुढे केला.

"भाजेल, ठाऊक आहे मला. भाजला तरी माझी भिंत थंडच!"

बुवांनी तिचं मनगट वरच्या वर धरलं. धरूनच ठेवलं…

मग सुधन्वाकडे वळून म्हणाले, "रात्रभर तळमळत होती ही बाई. पहाटे कूस वळवून त्या भिंतीकडे तोंड केलं, तेव्हा कुठे डोळा लागला."

"मनाचे खेळ आहेत ते, बुवा! एक शब्द, एक अर्थ. कोण खरं ते आत्ता सांगा, नाहीतर हा मी निघालो."

बुवांनी मोकळ्या हाताने शेगडी बारीक केली.

"सांगा ना!"

खाटेवर गोपिकाबाई कण्हल्या. भिंतीवरची नजर न काढता त्यांनी क्षीण आवाजात खायला मागितलं.

बुवांनी गिरिजाचा हात सोडला. कण्यांचं पातेलं उचलून सुधन्वाच्या हातात दिलं.

"नीघ की. पण आधी तुझ्या निळ्यावर पेज शिजव, आणि हिच्या निळ्यापाशी बसून बाईला भरव."