बांधून ठेवलेलं फाटक

"मग बुवा, मी लोकांना मंत्र द्यायला कधी लागू?"

नरसूबुवा चालत राहिले.

विचारणारा जयराम, माझा मुलगा. जर्मनीत नोकरीला असतो. त्याच्या घरी रविवारी आपली मंडळी भजनाला जमतात, जाताना त्याच्या पाया पडतात. आता त्यांना मंत्र द्यायचा, तर गुरूची आज्ञा पाहिजे. तेवढ्यासाठी त्यानं बुवांना एवढ्या लांब आणलं. सोबतीला मला.

त्या दिवशी तो आम्हाला डोंगरातले पडके किल्ले दाखवायला घेऊन निघाला होता. एक किल्ला बघायचा, खाली गावात उतरायचं, की पुढच्या किल्ल्याचा चढ.

"बुवा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं रे."

...

दुसऱ्या चढाला कुरणाचं लाकडी फाटक लागलं. सताड उघडं, आणि दोरीनं खांबाला बांधलेलं. बुवा गेले, मागून मी गेलो. जयराम थांबून गाठ सोडायला लागला.

"राहू दे," बुवा म्हणाले. "कुणीतरी बांधून ठेवलंय."

"विसरलं असेल कुणी. इथं फाटक लावायची शिस्त आहे बुवा. आपल्या गावासारखं नाही, आओ जाओ घर तुम्हारा."

त्यानं फाटक लावलं. कडी बसली का तेही हलवून पाहिलं.

वर किल्ल्याच्या भिंती कधीच्या पडलेल्या. नुसती दरवाज्याची कमान उभी होती, दोन्ही अंगांना मोकळं गवत.

"हा दरवाजा शत्रूला कधी फोडता आला नाही," जयराम म्हणाला. "असं राखावं लागतं. मीसुद्धा पारखूनच मंत्र देईन. कुणीही यावं आणि आत शिरावं, असं नाही."

बुवा कमानीला वळसा घालून पलीकडे गेले. तिच्याच सावलीत बसले.

"भाकरी काढ," म्हणाले.

ऊन जर्मनीतही लागतं. दुपार कलल्यावर आम्ही त्याच वाटेनं उतरलो.

फाटकाच्या वरच्या अंगाला मेंढ्यांची ही दाटी. ओरडून ओरडून घसे बसलेले. त्यांची पाण्याची दगडी डोण खालच्या अंगाला. सकाळी आम्ही तिला लागूनच गेलो होतो.

रबरी बूट घातलेली एक म्हातारी गावातून धापा टाकत वर आली. तिनं कडी काढली. मेंढ्या डोणीकडे धावल्या. एक तेवढी उठली नाही. म्हातारीनं बादली भरून आणली, तिच्या तोंडाशी धरली, आणि आमच्याकडे बघून काहीतरी विचारलं.

तिची भाषा फक्त जयरामला येत होती.

तो थोडं बोलला. बोलता बोलता त्यानं बुवांकडे बोट केलं.

शब्द मला कळले नाहीत. बोट कुठल्याही मुलखात कळतं. मी खाली बघितलं.

म्हातारी बुवांशी बोलली. रागानं नाही. बहिऱ्याशी बोलावं तसं, सावकाश, मोठ्यानं, फाटक दाखवून दाखवून.

बुवांनी हात जोडले. कमरेत वाकले. मग तिच्या हातातली बादली आपल्या हातात घेतली आणि मेंढीपाशी बसले. मेंढीनं दोन घोट घेतले.

"काय म्हणाली रे ती?" निघताना बुवांनी विचारलं.

"काही नाही बुवा. मेंढ्यांचंच काहीतरी."

"बरं."

खाली गावाच्या तोंडाशी बाकडं होतं, तिथं टेकलो. वरचं फाटक तिथून दिसत होतं. जयरामनं पाण्याची बाटली उघडली. न पिताच पुन्हा लावली.

"पाय दुखतात का रे?" बुवांनी विचारलं.

"नाही."

...

"बुवा, तिला मी..."

"मला कुठं तिची भाषा येते."

जयराम उठला आणि आल्या वाटेनं वर गेला.

आम्ही खालून बघत होतो. तो म्हातारीसमोर उभा राहिला. या वेळी हात स्वतःच्या छातीवर होता. तिनं रिकामी बादली त्याच्या हातात दिली. तो डोणीवर गेला, भरून आला. पुन्हा गेला.

आला तेव्हा बूट ओले, पँट चिखलानं भरलेली.

"उठली का मेंढी?" मी विचारलं.

"उठली, आबा."

माझ्याकडे न बघता बोलला. बाकड्यावर जागा होती, तरी खाली बुवांच्या पायाशी बसला. गावातली घंटा वाजत होती. ती थांबली.

"सकाळी काय विचारत होतास?" बुवा म्हणाले.

"काही नाही."

"असं कसं. दोनदा विचारलंस."

"आता विचारायला तोंड नाही मला, बुवा."

बुवा उठले. धोतराला चिकटलेलं गवत झटकलं.

"आता विचार."