गोजराचा दोरा आणि बिननांगीच्या माश्या

एकदा काय झालं, राजाच्या बागेत एक राक्षसीण शिरली. कशी? झेंडूचं फूल होऊन! वाफ्यात शंभर झेंडू, त्यातली ती कोणती, कुणाला कळणार? वास घ्यायला कुणी वाकलं की ती त्याला गट्टम करायची. मागे नुसत्या वहाणा उरायच्या, बरं का.

एके दिवशी माळ्याच्याच वहाणा सापडल्या. त्याची बायको गोजरा धावत आली, धाय मोकलून रडली. तेवढ्यात वाफ्यातून आवाज आला, "रोज एक, अशी तीन फुलं तोड. मी सापडले तर नवरा परत. नाहीतर तूही माझ्या पोटात!"

बागेच्या भिंतीत मधमाश्या राहायच्या. काळ्या, तिळाएवढ्या, नांगी नसलेल्या. गोजरा मनात म्हणाली, खोट्या फुलात पराग कुठला? त्यावर माशी बसायचीच नाही.

मग दुपारी ती वाफ्यात गेली. एका फुलाजवळून माशी तशीच मागे फिरली. गोजराने ते खुडलं. साधं फूल! वाफा खदाखदा हसला. दुसऱ्या दुपारीही तेच झालं. मग तिने नीट निरखून पाहिलं. एका माशीने नुकतंच रिकामं केलेलं फूल दुसरी वासावरून ओळखायची आणि सोडून द्यायची. अगं बाई, इथेच फसले की मी!

मग तिसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत हार ओवायचा दोरा घेऊन बसली. ऊन आलं, माश्या निघाल्या. माशी बसली की त्या फुलाला गोजरा दोरा बांधायची. दुपारपर्यंत एकच फूल बिनदोऱ्याचं राहिलं.

तिने हात पुढे केला, तर आतून नवऱ्याचा आवाज! "अगं, तोडू नकोस! मी मरेन!"

गोजरा थिजली. खरंच मेला तर? पण सकाळपासून इथे एकही माशी बसली नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले आणि फूल खुडलं.

काय किंकाळी फुटली म्हणता! देठातून काळं रक्त वाहिलं आणि माळी धपकन बाहेर पडला. मागोमाग गिळलेली सगळी माणसं आली.

मग सगळी सुखाने राहिली. गोजराने मात्र आठ दिवस नवऱ्याचा हात सोडला नाही. तो म्हणायचा, "अगं, जेवू तरी दे!"

निजा आता. दाराला कडी घातलीय मी.