आकडीची लांबी

“झाड लावू की वेल, एवढंच सांगा महाराज.”

भार्गवराव टिपणीसांचा प्रश्न वरकरणी साधा होता. पण गेले आठ दिवस त्याने त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभू दिली नव्हती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांनी टुमदार घर बांधले होते. उभ्या आयुष्यात प्रथमच स्वतःची माती वाट्याला आली होती, आणि तिच्यातले प्रत्येक फूल आपल्याच देवाला वाहिले जावे, असा त्यांचा हट्ट होता.

मठातले निरंजनबाबा परडीतली फुले निवडत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “अडचण काय?”

अडचण भार्गवरावांनी यथासांग मांडली. सोनचाफा लावावा, तर त्याच्या फांद्या कुंपणाबाहेर झुकणार, आणि पहाटे आकडीच्या काठ्या घेऊन फिरणारी मंडळी घरधनी उठण्याआधीच झाड रिकामे करणार. जुईचा वेल चढवावा, तर तो निम्मा रस्त्याच्याच अंगाने फुलणार. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणू नये, हा तर गावोगावचा दंडक. तेव्हा दाद कोणाकडे मागायची? म्हणून त्यांनी घरामागे, कुंपणापासून चांगला तीस फुटांवर खड्डा खणून ठेवला होता. त्यात काय शोभेल, तेवढेच बाबांनी सांगायचे होते.

बाबांनी एक देठ खुडला...

“याआधी कुठं राहत होतात?”

“सरकारी खोल्यांत. एकतीस वर्षं. अंगण कसलं, साधी कुंडी ठेवायला जागा नव्हती.”

“देवपूजा?”

“एक दिवस चुकली नाही,” भार्गवराव ताठ बसत म्हणाले.

“फुलं?”

भार्गवराव समईकडे पाहू लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, कमळजाबाईंनी, पदर तोंडाला लावला; हसू मात्र पदराबाहेर सांडलेच.

“यांची आकडी आहे ना अजून,” त्या म्हणाल्या. “नव्या घरी सामानात सगळ्यात आधी तीच आली.”

बाबांनी हातातले फूल खाली ठेवले. “केवढी आहे?”

दुसरा कोणी गप्प बसला असता. पण मोजमाप विचारल्यावर मौन पाळणे या अभियंत्याच्या रक्तात नव्हते.

“साडेसहा फूट. टोकाला तारेचा आकडा, मी स्वतः वाकवलेला. कुंपणाबाहेरून नुसता हात लांबवला की...”

“मग खड्डा कुंपणापासून सहा फुटांवर घ्या,” बाबा म्हणाले.

भार्गवराव आधी ओशाळले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि पाहता पाहता पत्नीच्या हसण्यात त्यांचेही हसू मिसळले. उठता उठता त्यांना मूळ प्रश्न आठवला.

“पण महाराज, लावू काय? झाड की वेल?”

बाबांनी परडी देव्हाऱ्याकडे सरकवली.

“उद्या पहाटे फाटकाशी उभे राहा. आकडी घेऊन जो पहिला रस्त्यानं जाईल, त्याला विचारा.”